लाल फुली, हिरवा बाण

खालापूरच्या टोलनाक्यापाशी गाडी येते. समोर खिडक्यांची लांबलचक रांग आणि प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर एक दिवा. कुठे हिरवा बाण, कुठे लाल फुली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नसतं, तरी फुलीखाली गाडी घालायची नाही हे सगळ्यांना कळतं. घातलीच, तर पुढे बॅरिकेड असतो आणि मागे हॉर्नवर हात ठेवून बसलेले असतात. खरं तर टोलनाक्यावर फुलीला फारसं काम नाही. गाड्यांचा वेग जवळपास शून्य, दोन खिडक्यांच्या मधे काँक्रीटचा ओटा, आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

आता हीच फुली आणि हाच बाण भरधाव वाहत्या रस्त्यावर टांगा. दुभाजक नाही, कठडा नाही, फक्त रंगवलेले पट्टे. सकाळी ज्या लेनमधून गाड्या शहरात शिरतात, संध्याकाळी त्याच लेनमधून गाड्या शहराबाहेर पडतात. समोरासमोरच्या गाड्यांना आपापल्या जागी ठेवायला डोक्यावरच्या दिव्यांखेरीज फारसं काही नाही. असा बेत कुणी मांडला, तर आठवड्याभरात धडकांचा खच पडेल असंच आपण म्हणू. पण असा रस्ता इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १९७२ मध्ये सुरू झाला आणि अनेक दशकं चालला. तो कसा चालतो हे बघण्यासारखं आहे, कारण दिवा लावणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

सात लेन आणि एक रिकामी

रस्त्याचं नाव ॲस्टन एक्स्प्रेसवे. लांबी जेमतेम दोन मैल, म्हणजे तीन किलोमीटरहून थोडी जास्त. एका टोकाला बर्मिंगहॅम शहराची मध्यवस्ती, दुसऱ्या टोकाला ग्रेव्हली हिल इंटरचेंज. हे दुसरं नाव तिथल्या लोकांच्याही तोंडी फारसं नसतं. ते त्याला ‘स्पॅगेटी जंक्शन’ म्हणतात. ताटात शेवयांसारखा गुंता पडावा तसे रस्ते दिसतात म्हणून एका स्थानिक वार्ताहरानं १९६५ मध्ये, म्हणजे बांधकाम पुरं व्हायच्या कितीतरी आधी, नकाशा बघूनच हे नाव दिलं होतं. १९७२ च्या मे महिन्यात ते खुलं झालं. पाच पातळ्यांवर एकमेकांवरून जाणारे रस्ते, खाली रेल्वेमार्ग, कालवे, नद्या, आणि हे सगळं पेलणारे ५५९ काँक्रीटचे खांब. एम-६ हा देशातला अत्यंत वर्दळीचा महामार्ग इथून जातो. त्याच्यावरून उतरून शहरात जाणारा लोंढा ॲस्टन एक्स्प्रेसवेवर येतो.

शहरात जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यासारखंच इथेही सकाळी एक बाजू तुंबते आणि दुसरी रिकामी असते. संध्याकाळी उलट. ठाण्याहून मुंबईत येणाऱ्याला हे सांगायला नको. दोन्ही बाजूंना गर्दीच्या वेळेपुरत्या चार-चार लेन द्यायच्या, तर आठ लेन आणि मधला दुभाजक एवढी जागा हवी. दाट वस्तीतून रस्ता नेताना तेवढी जागा मिळत नाही. म्हणून इंजिनिअरांनी सात लेन आखल्या आणि दुभाजक घातलाच नाही. सकाळी चार लेन शहराकडे, दोन शहराबाहेर. संध्याकाळी दोन शहराकडे, चार बाहेर. मधल्या वेळात तीन-तीन. बेरीज सहाच होते, कारण सातवी लेन कायम रिकामी असते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी लाल फुली. दुभाजकाचं काम ही रिकामी लेन करते, फक्त हा दुभाजक दिवसभरात आपली जागा बदलतो.

या आकड्यांकडे जरा बारकाईनं बघू, कारण आखणीतली सगळी चतुराई तिथेच आहे. शहरात जाणाऱ्याच्या डावीकडून लेनना एक ते सात असे क्रमांक देऊ. (इंग्लंडातही आपल्यासारखंच डावीकडून चालतात, त्यामुळे चित्र मनात आणायला सोपं.) सकाळी एक ते चार शहराकडे, पाच रिकामी, सहा-सात बाहेर. दुपारी एक ते तीन शहराकडे, चार रिकामी, पाच ते सात बाहेर. संध्याकाळी एक-दोन शहराकडे, तीन रिकामी, चार ते सात बाहेर. आता बघा, दिशा बदलणारी लेन किती? फक्त एक, मधली, चौथी. तिसरी लेन शहराकडेच वाहते, नाहीतर रिकामी असते. पाचवी शहराबाहेरच वाहते, नाहीतर रिकामी असते. आणि चौथीसुद्धा सकाळच्या दिशेवरून संध्याकाळच्या दिशेवर एकदम उडी मारत नाही. मधे दुपारभर ती रिकामी पडून असते. समोरासमोर धडकेचा धोका सात लेनमधून एका लेनवर आणला, आणि त्या एका लेनलाही मधे काही तासांची विश्रांती दिली. दिव्यांचा प्रश्न यानंतर सुरू होतो.

गोल दिवा का नाही?

चौकातल्या सिग्नलसारखे साधे लाल-हिरवे गोल का नाहीत, असं वाटू शकतं. पहिलं कारण म्हणजे चौकातला लाल दिवा ‘थांबा’ म्हणतो. लेनवरच्या लाल दिव्यानं कुणी थांबलं, तर मागच्या गाड्या त्याच्यावर आदळतील. त्याला ‘थांबू नका, पण ही लेन सोडा’ असं सांगायचं आहे. वेगळ्या सूचनेला वेगळा आकार हवा. दुसरं कारण डोळ्यांचं. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारातल्या एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. चौकात वरचा दिवा लाल, खालचा हिरवा अशी जागेवरून ओळख पटते. लेनच्या डोक्यावर एकाच चौकटीत कधी लाल तर कधी हिरवं उमटतं, तिथे जागेचा आधार नाही. रंग नाही कळला तरी फुली आणि बाण यांत गल्लत होत नाही.

हा आकार नवा नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या लॉज फ्रीवेवर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्ही कॅमेऱ्यांनी रस्त्यावर नजर ठेवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात प्रत्येक लेनवर लाल फुली आणि हिरवा बाण होते. पुढे १९६८ च्या व्हिएन्ना करारात रस्त्यांवरच्या खुणा देशोदेशी सारख्या असाव्यात असं ठरलं, तेव्हा हीच जोडी त्यात आली.

> चौकट : डोक्यावरच्या खुणा
>
> खाली बघणारा हिरवा बाण : ही लेन तुमच्यासाठी खुली आहे.
>
> लाल फुली : या लेनमध्ये शिरू नका. आत असाल तर शक्य तितक्या लवकर सुरक्षितपणे बाहेर पडा.
>
> पिवळी फुली (अमेरिकी पद्धत) : ही लेन लवकरच बंद होणार आहे, आतापासून बाजूला व्हायला लागा.
>
> तिरका बाण (युरोपातल्या अनेक देशांत) : बाणाच्या दिशेच्या लेनमध्ये सरका.
>
> काहीच पेटलेलं नाही : याचा अर्थ रस्त्यागणिक बदलतो. आखणी करणाऱ्याला सर्वांत जास्त भीती याचीच असते.

कमान कुठे उभारायची

ज्या लोखंडी कमानीवर हे दिवे टांगतात तिला गँट्री म्हणतात. आता आपल्या मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरही वेग मोजणारे कॅमेरे लावलेल्या गँट्री आल्या आहेत, त्यामुळे वस्तू ओळखीची आहे. प्रश्न हा की दोन गँट्रींमध्ये अंतर किती ठेवायचं.

अमेरिकेत रस्त्यांवरच्या खुणांची देशभर लागू असलेली नियमपुस्तिका आहे. ती म्हणते, लेनवरच्या दिव्याचा रंग २,३०० फुटांवरून, म्हणजे सुमारे ७०० मीटरवरून, स्पष्ट दिसला पाहिजे. शिवाय चालकाला कुठल्याही क्षणी निदान एक तरी दिवा दिसत असला पाहिजे, आणि दोन दिसले तर उत्तम. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते, म्हणजे ७०० मीटरसाठी तिला साधारण अर्धा मिनिट मिळतो. तेवढ्यात फुली दिसायची, ती आपल्याच लेनवर आहे हे उमगायचं, आरशात बघायचं, शेजारच्या लेनमध्ये फट शोधायची आणि तिच्यात शिरायचं. गर्दीत फट मिळायला यातला बराचसा वेळ जातो.

दोन दिवे दिसावेत हा आग्रह का, ते गँट्रीखाली जाताना कळतं. चालकाच्या डोळ्यांच्या रेषेपासून साधारण १५ अंशांहून वरचं सगळं गाडीच्या छपराआड जातं. दिवा रस्त्यापासून सहा मीटर उंच असेल, तर शेवटचे अठरा-वीस मीटर तो दिसतच नाही. त्या क्षणी पुढची गँट्री दिसत नसेल, तर चालकाला कसलाच आधार उरत नाही. पुढे उंच ट्रक असेल तर आणखी पंचाईत. म्हणूनच हे दिवे रस्त्याच्या कडेला न लावता डोक्यावर टांगतात. कडेचा दिवा पहिल्या ट्रकनंच झाकला जातो, आणि दिसला तरी तो सातांतल्या कुठल्या लेनसाठी आहे हे कळायला मार्ग नसतो.

सरळ रस्त्यावर हे सगळं गणितात बसतं. खरी गंमत वळणावर होते. समजा वळणाची त्रिज्या ५०० मीटर आहे, म्हणजे फारसं तीव्र नाही. गाडी नाकासमोर सरळ गेली असती, तर ६० मीटरनंतर ती रस्त्याच्या वळणापासून ३.६ मीटर बाजूला गेली असती. ३.६ मीटर म्हणजे जवळजवळ एका लेनची रुंदी. दुसऱ्या शब्दांत, ६० मीटरवरच्या गँट्रीवर चालकाच्या बरोबर नाकासमोर जो दिवा असतो तो त्याच्या लेनचा नसतो, शेजारच्या लेनचा असतो. १०० मीटरवर हा फरक १० मीटरचा होतो, म्हणजे जवळपास तीन लेनचा. रस्ता वळताना दिसत असतो म्हणून अनुभवी चालक मनातल्या मनात दुरुस्ती करतो. पण रात्री, पावसात, पट्टे पुसट झालेले असताना ती दुरुस्ती चुकते. शेजारची फुली आपली समजून माणूस विनाकारण लेन बदलतो, किंवा आपली फुली शेजाऱ्याची समजून तसाच पुढे जातो. यावर दोन उपाय करतात. वळणावर गँट्री जवळजवळ उभारतात, आणि दिव्याचा झोत अरुंद ठेवून तो त्याच लेनच्या वाटेवर रोखतात, म्हणजे भलत्या लेनमधून तो मंद दिसतो. दिवा कोणत्या अंशात वळवून बसवलाय यावर सगळं अवलंबून. दुरुस्तीसाठी काढलेली चौकट परत बसवताना थोडी तिरकी झाली, तर नियंत्रण कक्षात बसून कुणाला कळणारही नाही.

इंटरचेंजजवळ यात उड्डाणपुलांची भर पडते. पूल आडवा आला की त्यापलीकडची गँट्री दिसत नाही. चढावरून उतरणाऱ्या रॅम्पवर गँट्री आधी पायाखाली दिसते आणि मग अचानक डोक्यावर येते. अशा ठिकाणी नकाशावर समान अंतरानं खुणा करून भागत नाही. चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून रस्त्याचा प्रत्येक तुकडा बघावा लागतो. आता हे संगणकावर करता येतं.

लेन द्यायची तर आधी ती परत घ्यावी लागते

लेन कुणाला देणं सोपं आहे, हिरवा बाण लावला की झालं. दिलेली लेन परत घेणं हे खरं कसब.

ॲस्टन एक्स्प्रेसवेवरची सकाळ संपत आली आहे असं समजू. चौथ्या लेनमध्ये शहराकडे जाणाऱ्या गाड्या आहेत, पाचवी रिकामी आहे. आता चौथी रिकामी करून पाचवी समोरच्यांना द्यायची. दोन्ही दिवे एकाच क्षणी बदलले तर काय होईल? चौथ्या लेनमध्ये आधीच शिरलेल्या गाड्या अजून दोन मैलांत कुठेतरी आहेत. शेजारच्या पाचव्या लेनमध्ये समोरून गाड्या सुटल्या, तर दोघांच्या मधली रिकामी लेन नाहीशी झाली. म्हणून आधी चौथीवर फुली लावायची, ती लेन संपूर्ण रिकामी झाली याची खात्री करायची, आणि मगच पाचवीवर समोरच्यांसाठी हिरवा बाण. त्या मधल्या काळात शेजारी-शेजारी दोन लेन रिकाम्या असतात. दादरला लोकलच्या दारात उतरणारे उतरल्याशिवाय चढणाऱ्यांनी पाय टाकायचा नसतो, तसंच हे. फरक एवढाच की इथे तो नियम मोडून भागत नाही.

फुली लावण्याचाही क्रम असतो. ज्या तोंडानं गाड्या लेनमध्ये शिरतात तिथली फुली आधी लागते, म्हणजे नवी गाडी आत येत नाही. मग फुल्या गाड्यांच्या दिशेनं एकेक पुढे सरकत जातात, शेवटच्या गाडीच्या मागोमाग. उलट क्रमानं, म्हणजे शेवटच्या टोकापासून बंद करत आलं, तर लेन भरलेली असताना तिचं पुढचं तोंड बंद होतं आणि सगळे एकदम शेजारच्या लेनमध्ये घुसतात. लेन उघडताना मात्र याच्या अगदी विरुद्ध जातात. आधी पलीकडच्या टोकाचे बाण हिरवे करतात, प्रवेशाचं तोंड सगळ्यात शेवटी उघडतात. त्यामुळे आत शिरणाऱ्या पहिल्या गाडीला पुढे कुठेही फुली भेटत नाही.

आता वेळेचं बघू. ताशी ८० किलोमीटरनं वाहतूक चालू असेल, तर दोन मैल रिकामे व्हायला अडीच मिनिटांच्या आतबाहेर लागतात. पण सकाळी अपघात झाला असेल आणि गाड्या ताशी १५ किलोमीटरनं सरकत असतील, तर त्याच अंतराला जवळपास तेरा मिनिटं लागतील. म्हणजे घड्याळावर ठरावीक वेळ लावून चालत नाही. अमेरिकी नियमपुस्तिका याबाबत मिनिटांचा आकडा देत नाही. ती एवढंच म्हणते की समोरच्या दिशेला लेन देण्यापूर्वी लाल फुली इतका वेळ राहिली पाहिजे, की लेन पुरती मोकळी व्हावी. आकडा न देणं हा शहाणपणा आहे असं मला वाटतं. मोकळी झाली की नाही हे कॅमेऱ्यातून बघायचं, रस्त्याखाली किंवा रस्त्याकडेला बसवलेल्या संवेदकांकडून विचारायचं, नाहीतर गस्तीची गाडी पाठवायची. बंद पडलेली एक गाडी लेनमध्ये उभी असेल, तर कितीही वेळ थांबा, लेन मोकळी झालेली नसते.

दोन हिरवे कधीच नाहीत

लेन बदलण्याची आज्ञा संगणक देतो. संगणकाच्या हातून चूक झाली तर? यासाठी त्याच्यावर नजर ठेवणारी दुसरी यंत्रणा असते, आणि ती पूर्णपणे वेगळी ठेवतात. आज्ञा काय दिली होती याच्याशी तिला देणं-घेणं नाही. प्रत्येक दिव्यात प्रत्यक्ष वीज जातेय की नाही, एवढंच ती मोजत असते. एका लेनवर दोन्ही दिशांना हिरवा बाण पेटलेला आढळला, तर कुणाचंही न ऐकता ती दोन्हीकडे लाल फुली लावते. अमेरिकी नियमांत अशा निषिद्ध जोड्यांची यादीच आहे. दोन्हीकडे हिरवा हे तर उघडच. एकीकडे हिरवा आणि दुसरीकडे पिवळी फुली, हेही निषिद्ध. पिवळ्या फुलीखालून गाड्या अजून बाहेर पडत असतात, त्यांच्यासमोर हिरवा सोडणं म्हणजे मुद्दाम गाठ घालून देणं. दोन्हीकडे पिवळी फुलीसुद्धा चालत नाही, त्याचंही कारण तेच.

दिवा विझला तर काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. रेल्वेत विझलेला सिग्नल म्हणजे लाल, असं मोटरमनला शिकवलेलं असतं. रस्त्यावरच्या चालकाला असं काही शिकवलेलं नसतं. डोक्यावर काहीच पेटलेलं नसेल, तर ती त्याच्यासाठी साधी लेन असते. म्हणून हिरवा बाण विझला तर विशेष बिघडत नाही, चालक बिचकेल एवढंच. पण लाल फुली विझली तर ती लेन नकळत उघडी पडते. त्यामुळे लाल फुलीवर जास्त पहारा. तिच्यात एलईडीच्या एकाहून जास्त स्वतंत्र माळा ठेवतात, म्हणजे एक गेली तरी फुलीचा आकार टिकतो. वीज गेली तर बॅटरी. आणि एखाद्या गँट्रीवरची फुली खरोखरच गेली, तर आधीच्या गँट्रीवरून लेन बंद करायची.

ऊन हाही एक शत्रू आहे. सूर्य कलला की जुन्या काचेच्या दिव्यांत किरण शिरून परत उलटत आणि न पेटलेला दिवा पेटल्यासारखा दिसे. एलईडीनं ही अडचण बरीच कमी केली. पण दिवसा उन्हात उठून दिसेल एवढा प्रखर दिवा रात्री डोळ्यांत घुसतो आणि फुलीच्या दोन रेघा एकमेकांत मिसळून लाल गोळा दिसतो. म्हणून बाहेरचा उजेड मोजून दिव्याची प्रखरता कमी-जास्त करावी लागते.

गुंत्याच्या तोंडाशी

मधल्या दोन मैलांत लेन किती द्यायच्या हे हातात असतं, दोन्ही टोकांना नसतं. चार लेन शहराच्या तोंडाशी पोचल्या आणि तिथल्या रस्त्यांनी तीनच लेनचा उपसा केला, तर चौथी लेन म्हणजे नुसती गाड्या उभ्या करायची जागा. लेनवरचे दिवे आखताना म्हणूनच आधी टोकांची मोजणी करतात.

दुसरी अडचण बाणांची. दिशादर्शक पाट्यांवरही खाली बघणारे बाण असतात. ‘या लेननं एम-६ उत्तर’ असं सांगणारा पांढरा बाण आणि ‘ही लेन खुली आहे’ असं सांगणारा हिरवा बाण एकाच गँट्रीवर आले, तर नवख्या माणसाची तारांबळ उडते. हिरवा बाण बघून तो समजतो, आपलं गाव इकडेच. रॅम्प फुटतो तिथे तर आणखी घोळ, कारण लेन खुली असते पण ती भलतीकडे जाणार असते. शक्य तिथे पाट्या एका गँट्रीवर आणि दिवे दुसऱ्या गँट्रीवर लावणं हा साधा उपाय. स्पॅगेटी जंक्शनसारख्या ठिकाणी जागा इतकी कमी असते की हा साधा उपायसुद्धा दरवेळी जमत नाही.

दिव्यांवर विश्वास नसेल तर खरोखरचा अडथळा हलवता येतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर अनेक दशकं कामगार हळू चालणाऱ्या ट्रकवर बसून हातानं प्लास्टिकच्या नळ्या रस्त्यातल्या भोकांत रोवत आणि काढत असत. जानेवारी २०१५ मध्ये तिथे यंत्रानं सरकवता येणारा भक्कम दुभाजक बसवला. तो समोरासमोरची धडक प्रत्यक्ष अडवतो, नुसती नळी किंवा फुली ते करू शकत नाही. पण लेन बदलायला यंत्र पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवावं लागतं. फुली क्षणात लागते.

फुली मोडणारे

बर्मिंगहॅमजवळच एम-४२ महामार्गावर सप्टेंबर २००६ मध्ये ब्रिटननं वेगळा प्रयोग केला. गर्दीच्या वेळी कडेचा शोल्डर, म्हणजे बंद पडलेल्या गाड्यांसाठी राखलेली पट्टी, वाहतुकीला खुला करायचा आणि गर्दी ओसरली की लाल फुली लावून परत घ्यायचा. पुढे काही महामार्गांवर शोल्डर कायमचाच लेन म्हणून वापरायला काढला. आता लेनमध्येच गाडी बंद पडली, तर तिला वाचवायला फक्त डोक्यावरची फुली.

इथे फुलीची मर्यादा उघडी पडली. गाडी बंद पडल्यापासून कुणाच्या तरी लक्षात येणं, नियंत्रण कक्षानं कॅमेरा वळवून खात्री करणं आणि फुली लावणं, एवढा वेळ ती गाडी भरधाव लेनमध्ये उभी असते. फुली लागल्यावरही ती पाळणारे किती? रिकामी लेन बघून मोह होतो, हा मनुष्यस्वभाव काही फक्त आपल्याकडचा नाही. जून २०१९ पासून ब्रिटननं फुली मोडणाऱ्यांना कॅमेऱ्यांनी पकडायला सुरुवात केली. १०० पौंड दंड आणि लायसन्सवर तीन दंडगुण. एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं अशा नव्या महामार्गांचे बेत रद्द केले. कारणं दोन दिली, खर्च आणि लोकांचा उडालेला विश्वास.

विश्वासाचं कारण मला जास्त पटतं. बंद पडलेली गाडी काढून नेली आणि फुली तशीच राहिली, की मैलभर मोकळ्या रस्त्यावर लाल फुली बघत लोक रांगेत उभे राहतात. असं दोन-चारदा झालं की पुढच्या खऱ्या फुलीकडेही कुणी बघत नाही. म्हणून फुली वेळेवर लावण्याइतकंच ती वेळेवर काढणं महत्त्वाचं. नियंत्रण कक्षात मात्र लावायची घाई असते आणि काढायची नसते, कारण लवकर काढली आणि काही झालं तर दोष तिथे बसलेल्याच्या माथी येतो.

बोरघाटात

जोडून सुट्ट्या आल्या की मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच्या बोरघाटात आपले महामार्ग पोलीसही हेच करतात, दिव्यांशिवाय. पुण्याहून येणारी वाहनं थोडा वेळ रोखून धरायची आणि तीच बाजू मुंबईहून घाट चढणाऱ्यांना द्यायची. बातम्यांमध्ये त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. फुलीच्या जागी आडवी लावलेली जीप, बाणाच्या जागी हात, आणि दोन टोकांना वॉकी-टॉकीवर बोलणारी माणसं.

इथे दिवे लावले तर काय करावं लागेल? पहिली अडचण वेळेची. ॲस्टन एक्स्प्रेसवे दोन मैलांचा आणि जवळपास सपाट. घाटात दहा किलोमीटरचा पट्टा धरला आणि उतरणारे अवजड ट्रक ताशी ३० किलोमीटरनं येतात असं समजलं, तर शेवटचा ट्रक बाहेर पडायला २० मिनिटं लागतात. एखादा ब्रेक गरम झाला म्हणून वळणावर थांबला तर किती, ते सांगता येत नाही. दुसरी अडचण वळणांची. ५०० मीटर त्रिज्येच्या वळणावर काय होतं ते वर पाहिलंच, घाटातली वळणं त्याहून तीव्र. तिथे गँट्री इतक्या जवळजवळ लागतील की खर्चाचा आकडा बघून फाइल मिटेल. शिवाय धुकं. जुलैत खंडाळ्याच्या वर ७०० मीटरवरून दिवा दिसणं सोडाच, कधी कधी पुढच्या गाडीची पार्किंग लाइट दिसत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे दुभाजक. आपल्या एक्स्प्रेसवेला तो आहे, आणि असलाच पाहिजे. त्यामुळे बाजू बदलायची तर ती ठरलेल्या फटींमधूनच बदलता येते. मधे कुणाला परत आपल्या बाजूला यायचं असेल, तर वाट नाही. तेव्हा घाटात दिव्यांचा उपयोग झालाच तर तो दोन टोकांच्या फटींपाशी, तोंडं बंद करण्यापुरता. मधला घाट मोकळा झाला की नाही हे बघायला एक गाडी शेवटच्या ट्रकच्या मागून घाट उतरवावी लागेल.